तुकड्यांची जुळणी : कोलाज-कला आणि तिचे शिक्षण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंड कार्य करणे ही सोपी गोष्ट नव्हे. अशा संस्थेने आपल्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत धर्म, आरोग्य आणि शिक्षण या विषयांच्या पंक्तीला चित्रकलेलाही एक संध्याकाळ द्यावी, याचे मला विशेष अप्रूप वाटते. अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकविल्यानंतर आता मी लहान मुलांचे आणि ज्येष्ठ नागरिकांचे कोलाजचे वर्ग घेते. त्या अनुभवाच्या आधारे चार गोष्टी आपल्यापुढे मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्तांची मनःपूर्वक आभारी आहे.

आरंभी शब्दाचा अर्थ पाहू. फ्रेंच भाषेत ‘कोले’ म्हणजे चिकटविणे. त्यावरून ‘कोलाज’ हा शब्द आला. मराठीत त्याला चिकटचित्र म्हणतात. कागद, कापड, छायाचित्र, दोरा, लाकडाची ढलपी, पत्रा असे निरनिराळे पदार्थ एका पृष्ठभागावर जुळवून, चिकटवून जे चित्र सिद्ध होते ते कोलाज. त्यातच जलरंग, शाई, पेन्सिल, ठसेकाम, शिवण यांचीही जोड दिली की त्यास संमिश्र माध्यमातील चित्र म्हणावे. व्याख्या इतकी साधी आहे. मात्र तिच्या पोटात एक अडचण दडलेली आहे आणि आपल्यासारख्या श्रोत्यांपुढे तिचा उल्लेख टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

ती अडचण अशी की, कोलाज ही कागद कापणारी कला आहे आणि आपला समाज हा कागद जपणारा समाज आहे. पाटण आणि जैसलमेर येथील ज्ञानभांडारे, दक्षिणेकडे मूडबिद्री, आपल्या महाराष्ट्रात कारंजा, या ठिकाणी शतकानुशतके ताडपत्रे आणि हस्तलिखिते सांभाळली गेली. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी आणि दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी होते. त्या निमित्ताने ग्रंथ बाहेर काढावेत, धूळ झटकावी, वेष्टने बदलावीत, पूजन करावे, असा प्रघात आहे. अक्षर असलेल्या कागदाला पाय लागला तरी ज्ञानाची आशातना झाली असे मानणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. अशा घरातील नातवाच्या हाती कात्री देऊन ‘काप’ असे सांगायचे, तर आजीच्या कपाळाला आठी पडणारच, आणि ती आठी रास्त आहे असे मी मानते. म्हणून काय कापावे आणि काय कदापि कापू नये, हा प्रश्न माझ्या आजच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. त्याकडे मी शेवटी येईन. त्यापूर्वी या कलेची ओळख करून घेऊ.

इतिहासाच्या पुस्तकांत कोलाजची कथा बहुधा पॅरिसपासून सुरू होते. परंतु तुकडे जोडून पूर्ण वस्तू घडविण्याचे शहाणपण आपल्या घराघरांत फार पूर्वीपासून नांदत आहे. आपल्याकडील गोधडी पाहावी. जुने लुगडे, धोतराचा तुकडा, बाळाचे अंगडे, हे सारे थर एकावर एक ठेवून आजी धावदोरा घालत असे. कोणता तुकडा मध्यभागी येईल, कोणता काठाला, लाल शेजारी निळा शोभेल की पिवळा, हा निर्णय ती कोणत्याही कलाविद्यालयात न जाता घेत असे. कोणाचे लुगडे कोठे लागले आहे हे घरातील सर्वांना ठाऊक असे. कोलाजमधील दोन मूलभूत गोष्टी, म्हणजे रंगाकारांची जुळणी आणि तुकड्यासोबत येणारी आठवण, दोन्ही त्या गोधडीत आहेत. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राऊशेनबर्ग यांनी १९५५ मध्ये चक्क एक गोधडी व उशी चौकटीवर ताणून, त्यांवर रंग ओतून ‘बेड’ नावाची कलाकृती केली. ती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. आपल्या आजीच्या हातची वस्तू कोणत्या कुळातली आहे, हे ध्यानी यावे एवढ्यासाठी हा दाखला दिला.

दुसरे उदाहरण देवघराजवळच्या भिंतीवरचे. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. तेथे छापलेली देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. अनेक घरांतील स्त्रियांनी त्या छापील चित्रांवर जरी, टिकल्या, मणी आणि कापड चिकटवून देवतांना खऱ्याखुऱ्या वस्त्रांनी सजविले. अशी सजविलेली चित्रे आज संग्राहक आवर्जून शोधतात. राजस्थानातील नाथद्वारा येथे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चित्रकार आणि छायाचित्रकार एकत्र आले. श्रीनाथजींपुढे हात जोडून उभे असलेले यात्रेकरूंचे कुटुंब रंगवायचे आणि चेहऱ्यांच्या जागी प्रत्यक्ष छायाचित्रांतील चेहरे कापून चिकटवायचे, अशी ‘मनोरथ’ चित्रे तेथे तयार होऊ लागली. तंजावरच्या चित्रांत लाकडी फळीवर कापड, त्यावर खडूच्या लेपाचा उठाव, त्यात काचेचे खडे आणि वर सोन्याचा वर्ख असतो. ही सारी संमिश्र माध्यमाचीच रूपे होत.

युरोपात या पद्धतीला अभिजात चित्रकलेत स्थान मिळाले ते १९१२ मध्ये. त्या वर्षी पाब्लो पिकासो यांनी एका लंबगोल चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षी त्यांचे मित्र जॉर्ज ब्राक यांनी लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद विकत आणून तो कोळशाच्या रेखाटनात चिकटविला. ब्राक यांचे शिक्षण मुळात घरे रंगविणाऱ्या कारागिराचे होते. खोट्या लाकडाच्या आणि खोट्या संगमरवराच्या युक्त्या त्यांना हातातून अवगत होत्या. कारागिराचे हे ज्ञान मोठ्या चित्रकलेत शिरले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने ट्रामची तिकिटे, पाकिटे, वेष्टने, जाहिरातींचे तुकडे असा टाकाऊ माल वेचून चित्रे केली. एका बँकेच्या जाहिरातीतील ‘कोमर्त्स’ या शब्दाचा तुकडा चित्रात आला, त्यातून त्याने आपल्या कलेला ‘मेर्त्स’ असे नाव दिले. ते वर्ष १९१९ चे. त्याच काळात हाना होख या चित्रकर्तीने नियतकालिकांतील छायाचित्रे कापून तत्कालीन समाजावर बोचरे भाष्य केले. या बाई उपजीविकेसाठी एका प्रकाशनगृहात भरतकाम व लेस यांचे नमुने तयार करीत असत. शिवणटिपणाचा सराव आणि कात्रीची शिस्त त्यांना तेथे लाभली. आपल्याकडे भूपेन खख्खर यांनी १९६० च्या दशकात बाजारातील देवदेवतांच्या छापील चित्रांचे तुकडे घेऊन कोलाज केले. अहमदाबादचे पिराजी सागरा लाकूड, पत्रा आणि खिळे यांतून भिंतीवर लावायची उठावचित्रे घडवीत. सारांश, ज्याच्या अवतीभवती जे होते त्यातून त्याने चित्र केले.

आता या सभेतील ज्येष्ठांसाठी तीन व्यक्तींविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण ‘आता या वयात काय शिकायचे?’ हा प्रश्न मला प्रत्येक वर्गाच्या पहिल्या दिवशी ऐकावा लागतो.

पहिल्या मेरी डिलेनी. जन्म १७००, इंग्लंड. पतीच्या निधनानंतर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची चित्रे करण्यास प्रारंभ केला. पार्श्वभूमी काळी आणि तीवर पाकळी, देठ, पराग, पानाची शीर असे शेकडो तुकडे. एकेका वनस्पतीचे चित्र इतके अचूक की वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची वाखाणणी करावी. दहा वर्षांत जवळजवळ एक हजार चित्रे झाली. दृष्टी मंदावली तेव्हा त्या थांबल्या. ती चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेली आहेत.

दुसरे आंरी मातीस. १९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना चित्रफलकासमोर फार वेळ उभे राहणे अशक्य झाले. तेव्हा त्यांनी साहाय्यकांकडून कागद रंगवून घेतले आणि खुर्चीत किंवा बिछान्यात बसून मोठ्या कात्रीने थेट रंगच कापण्यास सुरुवात केली. १९४७ मध्ये त्यांच्या अशा चित्रांचा ‘जॅझ’ हा ग्रंथ निघाला. १९५३ मधील ‘गोगलगाय’ हे चित्र तर जवळपास तीन मीटर लांबी-रुंदीचे आहे. तेव्हा त्यांचे वय त्र्याऐंशी होते.

तिसरे आपले बिनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनचे हे थोर चित्रकार. त्यांची दृष्टी जन्मतःच अधू होती आणि १९५७ च्या सुमारास डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ती पूर्णपणे गेली. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा आघात कोणता? परंतु त्यांनी हाताच्या स्पर्शाने कागद कापले, घड्या घातल्या, तुकडे जुळविले आणि रंगीत कागदाची कोलाजे सिद्ध केली. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी टाइल्सचे भित्तिचित्रही केले. सत्यजित राय हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी याच वर्षी आपल्या गुरूंवर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. कोलाज हाताने विचार करायला शिकविते असे मी वर्गात म्हणते, तेव्हा माझ्या मनात बिनोदबिहारी असतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कात्री नसते. केवळ एक जुने वर्तमानपत्र आणि एक पांढरा कागद. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ पट्टी निघते, आडवे फाडले की वेडेवाकडे फाटते. कागदाचे तंतू एका दिशेने असतात, हे पाच मिनिटांत प्रत्येकाच्या बोटांना समजते. फाटलेली कड आणि कापलेली कड यांचा स्वभाव निराळा. फाटलेल्या कडेने डोंगर, ढग, झाडाची साल साधते, तर कापलेल्या कडेने इमारत, भांडे, पान. त्याच एका वर्तमानपत्रातून दाट मजकुराचा करडा, मोठ्या मथळ्यांचा काळा आणि कोऱ्या समासाचा पांढरा अशा तीन छटा वेगळ्या काढायला सांगते. रंग न वापरता उजेड आणि सावली दाखविता आली पाहिजे. तीस विद्यार्थ्यांना सारखेच वर्तमानपत्र दिलेले असते आणि तासाअखेरीस तीस निराळी चित्रे भिंतीवर लागलेली असतात. तो क्षण शिकविणाऱ्याला दरवेळी नवा वाटतो.

दुसरा धडा, चिकटविण्याची घाई करू नये. तुकडे प्रथम नुसते मांडावेत, हलवावेत, उलटे करून पाहावेत. चार पावले मागे जाऊन पाहावे. शक्य तर रात्रभर तसेच ठेवावे. आजकाल भ्रमणध्वनीवर मांडणीचे छायाचित्र घेऊन ठेवता येते, त्यामुळे वाऱ्याने तुकडे उडाले तरी मांडणी हरवत नाही. डिंकाचा ब्रश हाती येईपर्यंत प्रत्येक निर्णय बदलता येतो. ही सवलत तैलरंगात वा जलरंगात नाही आणि नवशिक्याची भीती घालविण्यास हिच्याइतके चांगले साधन नाही.

तिसरा धडा, रंगाचे कागद स्वतः करावेत. बाजारातील घोटीव कागदात दहा-बारा ठरावीक रंग मिळतात. ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ हे १९६९ चे जगप्रसिद्ध बालपुस्तक करणारे एरिक कार्ल आधी पातळ कागद ब्रशने, बोटांनी, स्पंजने रंगवून ठेवीत आणि मग त्यांतून सुरवंट, पाने, फळे कापीत. आपली मुलेही हे सहज करू शकतात. भेंडीचा ठसा, बटाट्याचा ठसा हे शाळेतील परिचित प्रकार. पण आपल्या अनेक घरांत कंदमुळे वर्ज्य असतात. त्यांनी भेंडी, कारले, दोडका किंवा बाटलीचे झाकण वापरावे, काहीही उणे पडत नाही.

टिकाऊपणाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण हौसेने केलेले चित्र दोन पावसाळ्यांत खराब झाले की मन खट्टू होते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातील लिग्निन हा घटक शिल्लक असतो. उजेडाने आणि हवेने तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. कायमच्या कामासाठी चांगला हातकागद किंवा चिंध्यांच्या लगद्याचा कागद घ्यावा. घरगुती प्रिंटरवर शाईने छापलेले चित्र ओल्या डिंकाने बहुधा फुटते, झेरॉक्स प्रत फुटत नाही. दुकानांच्या आणि एटीएमच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापल्या जातात. त्यांवरील अक्षरे काही काळाने उडून जातात. डिंक लावला की कागद फुगतो आणि सुकताना आकसतो, त्यामुळे पुठ्ठा वाकतो. त्यावर उपाय म्हणजे मागील बाजूसही तेवढ्याच आकाराचा कागद चिकटवावा, म्हणजे दोन्हीकडील ओढ सारखी होते, आणि चित्र वजनाखाली सुकू द्यावे. फेव्हिकॉल वापरायचा तर थोडे पाणी घालून, पातळ थर, मध्यभागाकडून कडेकडे. जड वस्तू चिकटविण्यापेक्षा दोऱ्याने शिवावी किंवा तारेने बांधावी.

आपल्या श्रोत्यांना साहित्याबाबत आणखी एक प्रश्न पडतो आणि तो मला वर्गात वारंवार विचारला गेला आहे. हे साहित्य अहिंसक आहे काय? प्रश्न योग्य आहे. सुतारकामातील आणि जुन्या बांधणीतील सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून तयार होतो. चित्रफलकावर द्यावयाचा पारंपरिक पांढरा लेपही अशाच सरसात कालवीत. काही जलरंग कागदांवर जिलेटिनचा हात दिलेला असतो. लाखेचे वॉर्निश किड्यांपासून मिळते. रेशीम, शिंपले, पिसे, प्राण्यांच्या केसांचे ब्रश यांविषयी वेगळे सांगायला नको. परंतु या प्रत्येकाला आज पर्याय आहे. मैद्याची खळ, चिंचोक्याची खळ, बाभळीचा डिंक, कृत्रिम पांढरा डिंक, ॲक्रिलिकचा लेप, कृत्रिम केसांचे ब्रश, सुती कापड, हे सर्व सहज मिळते. वर्ख वापरायचा असल्यास तो कशात ठोकून केला आहे हे विचारून घ्यावे. खाद्य वर्खाच्या निर्मितीत प्राणिज पदार्थ वापरण्यास २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. एक सूक्ष्म मुद्दा खळीचा. पिठाच्या खळीला कीड लागते म्हणून पुस्तकबांधणी करणारे तीत मोरचूद घालीत. त्याने कीड मरते. कीड मारण्यापेक्षा ती येऊच नये अशी व्यवस्था अधिक चांगली. खळ रोज ताजी करावी, अगदी पातळ लावावी, चित्र कडकडीत सुकवावे, ओलसर भिंतीला लावू नये आणि साठवणीत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. पोथ्या सांभाळणाऱ्यांना वेखंडाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही.

आता शिक्षणाविषयी. मुलांना कोलाज शिकविताना मोठ्यांनी पाळावयाचे पहिले पथ्य म्हणजे मुलाच्या चित्राला हात लावू नये. आपल्याकडे स्पर्धा फार होतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु बक्षिसाच्या ओढीने आई रात्री जागून मोर कापते आणि मूल सकाळी त्यावर नाव घालते, हे चित्र कोणाचे? त्या मुलाला प्रमाणपत्रासोबत आणखी एक गोष्ट मिळते : आपल्याच्याने हे होत नाही, अशी खात्री. मोर वाकडा झाला तर होऊ द्यावा. दुसरे पथ्य तयार संचांविषयी. दुकानात आकार आधीच कापलेले, जागा आधीच आखलेल्या असे संच मिळतात. त्यांतून मूल सूचना पाळायला शिकेल, निवड करायला शिकणार नाही. कोलाजचे सारे मर्म निवडीत आहे.

तिसरे पथ्य प्रश्नांविषयी. मुलाचे चित्र पाहून आपण पटकन विचारतो, ‘हे काय काढलंस?’ त्याऐवजी ‘हा तुकडा इथेच का लावलास?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाला मूल परीक्षेसारखे उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाला ते विचार करू लागते. एकदा एका मुलीने निळ्या पार्श्वभूमीच्या कोपऱ्यात बसच्या तिकिटाचा बारीक तुकडा लावला होता. कारण विचारले तर म्हणाली, ‘आजोबांकडे जाताना शेवटची बस हीच होती.’ आजोबा आता नव्हते. त्या कोपऱ्यात दुसरा कोणताही रंग शोभला नसता.

ज्येष्ठांना शिकविताना पद्धत थोडी बदलते. हात थरथरत असेल तर फाडकाम अधिक द्यावे, कारण थरथरीने फाटलेली कड सुंदर दिसते. मोठ्या मुठीची कात्री, उजेड डाव्या खांद्यावरून, डावखुऱ्यांना उजव्या, आणि एका वेळी तासाभरापेक्षा अधिक नाही. ज्येष्ठ आणि बालक यांना शेजारी बसवावे, असा माझा आग्रह असतो. बारीक काम लहान बोटे करतात आणि तुकड्यांमागील गोष्टी मोठे सांगतात. एकाच घरात राहूनही ज्यांचे बोलणे ‘जेवलास का’ एवढ्यापुरते उरले आहे, असे आजोबा आणि नातू एका जुन्या लग्नपत्रिकेवरून तासभर बोलत बसलेले मी पाहिले आहेत.

आणि येथेच मी सुरुवातीला बाजूस ठेवलेल्या प्रश्नाकडे येते. काय कापावे?

आज आपल्या गावोगावचे वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. कुटुंबे सदनिकांत स्थलांतरित होत आहेत, मुले पुण्या-मुंबईस आणि परदेशी आहेत. स्थलांतराच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरील ट्रंका उघडल्या जातात. त्यांत काय असते? रोजमेळ आणि खतावण्या, मोडी लिपीतील वा गुजराती हिशेब, लग्नाच्या कंकोतऱ्या, यात्रेची पत्रे, दुकानाच्या उद्घाटनाची निमंत्रणे, चातुर्मासाच्या पत्रिका, पिवळी पडलेली छायाचित्रे. वेळ नसतो, जागा नसते, वाचता येत नाही. रद्दीवाला दारात उभा असतो. किलोच्या भावाने तीन पिढ्या जिना उतरून जातात. ज्या समाजाने ताडपत्रे सांभाळली त्या समाजाच्या घरगुती कागदांची ही अवस्था आहे. कात्री हा या कागदांचा मोठा शत्रू नव्हे. आपली उदासीनता त्याहून कितीतरी अधिक कापते.

म्हणून मी वर्गात एक शिस्त घालून दिली आहे. घरातून आणलेल्या कागदांचे तीन भाग करायचे. पहिला भाग पूज्य. तीर्थंकरांची, गुरूंची चित्रे, शास्त्रवचने, स्तोत्रे, धार्मिक ग्रंथांची व मासिकांची पाने. यांना कात्री लावायची नाही, आणि झेरॉक्स काढून प्रतही कापायची नाही. कलेसाठी एवढी मर्यादा पाळल्याने कला लहान होत नाही. दुसरा भाग दुर्मीळ. एकुलते एक छायाचित्र, हस्ताक्षरातील पत्र, जुनी वही, मोडीतील दस्त. हे मूळ रूपात जपायचे. त्यांचे सपाट छायाचित्र किंवा स्कॅन घ्यायचे, मागे पेन्सिलीने नाव, गाव, अंदाजे वर्ष लिहायचे आणि चित्रात वापरायची ती केवळ प्रत. तिसरा भाग मुक्त. ज्याच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या आणि ज्यांतील एक घरी व एक संस्थेत जपून ठेवली आहे अशा पत्रिकांच्या जादा प्रती, कोरे समास, पाकिटे, वेष्टने, कापडाचे तुकडे, तिकिटे. यांवर कात्री निःशंक चालवावी. ही विभागणी करताना जी चर्चा घरात होते, तिला मी चित्राइतकेच मोल देते. नातू विचारतो, ‘हे अक्षर कोणाचे?’ आणि त्या प्रश्नासरशी रद्दीत जाणारा कागद दुसऱ्या भागात येऊन बसतो. कोलाज शिकविताना कागद कापायला किती जण शिकले, याहून किती कागद वाचले याचा हिशेब मला अधिक आनंद देतो.

विश्वस्त महोदयांनी मला विचारले होते की सुवर्णमहोत्सवानिमित्त या कलेतून काही करता येईल का. माझी एक नम्र सूचना आहे. संस्थेने घराघरातून एकेक छोटा तुकडा मागवावा, तळहाताएवढा. एखाद्या घरून जुन्या साडीचा काठ येईल, एखाद्याकडून दुकानाच्या पावतीपुस्तकाचे कोरे पान, कोणाकडून शिलाईचा दोरा, कोणाकडून पहिल्या नोकरीचे पाकीट. प्रत्येक तुकड्यासोबत दोन ओळींची नोंद एका वहीत लिहावी. पाठशाळेची मुले आणि ज्येष्ठ मंडळी मिळून, एखाद्या दीर्घ सुट्टीत, त्या तुकड्यांचे एक मोठे चित्र प्लायवूडच्या फलकांवर करतील. फलक सुटे ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षांत नवे फलक जोडता येतील. संस्थेच्या पन्नास वर्षांतील अहवाल, इतिवृत्ते आणि छायाचित्रे मात्र मूळ रूपात एका कपाटात, सूचीसह ठेवावीत. चित्र पाहून ज्याला अधिक जाणून घ्यावेसे वाटेल त्याला वही उघडता यावी, आणि वही वाचून ज्याला मूळ कागद पाहावासा वाटेल त्याला कपाट उघडता यावे.

या कामास वेळ लागेल, आणि त्यात मतभेदही होतील. कोणाचा तुकडा मध्यभागी लागला, कोणाचा कोपऱ्यात, यावरून चार शब्द इकडेतिकडे होतील. समाज म्हटला की हे चालायचेच. परंतु गोधडीचा कोपऱ्यातील तुकडा सुटला तर उसवण तेथूनच सुरू होते, हे घरातील कोणतीही आजी सांगेल. म्हणून कोपऱ्यात ज्यांचे तुकडे लागतील त्यांनी नाराज होऊ नये, अशी आधीच विनंती करून ठेवते.

 संस्थेच्या पुढील वाटचालीस माझ्या हार्दिक शुभेच्छा. भाषण संपल्यावर बाहेरच्या मेजावर वर्तमानपत्रे, खळ आणि पांढरे कागद ठेवले आहेत. ज्यांना घरी जाण्याची घाई नसेल त्यांनी अवश्य थांबावे. कात्री मात्र आज मिळणार नाही.

जयजिनेंद्र.